काकूंचं कालनिर्णय आणि हबची नोंदवही

घर त्रिमूर्तीनगरातलं, तिसरा मजला, वर थेट गच्ची. काका-काकू दोघंच राहतात; मुलगी पुण्याला. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. रोज दुपारी उठून सहा खिडक्यांचे पडदे ओढणं त्यांना जमेना, आणि काकूंनी तरी एकटीने किती धावावं? मुलीने मोटरवाले रोलर ब्लाइंड बसवायचं ठरवलं, पैसे पाठवले आणि काम माझ्याकडे आलं. मी नागपुरात हेच करतो. ब्लाइंड, गेटच्या मोटरी, कॅमेरे बसवायचे आणि फोनला जोडून द्यायचे. हे प्रकरण लिहून ठेवतोय, कारण यातला बिघाड शोधायला मला तीन आठवडे लागले आणि त्यातला एक मी भलत्याच वस्तूच्या मागे घालवला.

आधी उन्हाचं सांगतो. सहाही खिडक्या पश्चिमेला. हॉलच्या तीन, झोपायच्या खोलीच्या दोन, काकांच्या वाचायच्या खोलीची एक. पडदे बाराच्या ठोक्याला बंद करायचे असं काकांचं म्हणणं होतं, बहुतेकांचं असतंच. पण नागपूर २१ अंश अक्षांशाच्या जरासं वर आहे. नवतपा लागतो त्या सुमारास, मेच्या शेवटच्या आठवड्यात, इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. ते ऊन गच्चीवर पडतं, खिडकीतून येत नाही. पश्चिमेच्या खिडकीचा त्रास नंतर सुरू होतो. या घराला दोन फुटांचे छज्जे आहेत. तीन वाजता छज्ज्याची सावली साधारण अर्ध्या काचेपर्यंत उतरलेली असते, साडेचारला जेमतेम फूटभर उरते, आणि तिथून मावळेपर्यंत ऊन थेट सोफ्यावर. म्हणून वेळ ठरवली ती अशी: अडीचला खाली, सूर्यास्तानंतर पंधरा मिनिटांनी वर. इथला सूर्यास्त नोव्हेंबरअखेर साडेपाचच्या आसपास होतो आणि जुलैच्या सुरुवातीला सातच्या. संध्याकाळची एकच वेळ बांधून दिली असती तर ऋतू बदलला की मला फोन.

खरं तर ऊन काचेच्या बाहेरच अडवलेलं बरं. एकदा काचेतून आत आलं की आतला ब्लाइंड त्यातलं थोडंच परतवतो, बाकीची उष्णता खोलीतच राहते. आपल्या आज्यांनी खिडकीबाहेर वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी शिंपडलं, ते विज्ञान पक्कं होतं. पण तिसऱ्या मजल्यावर ग्रिलच्या बाहेर काही लावायला सोसायटी तयार नव्हती. मग आतलेच ब्लाइंड घेतले, मात्र काचेकडची बाजू पांढरी असलेलं कापड निवडलं.

मोटरी २३० व्होल्टच्या, नळीत बसणाऱ्या, रेडिओ रिसीव्हर आतच असलेल्या. लेबलवर ४३३.९२ मेगाहर्ट्झ. हा आकडा मी आधी वाचतो, कारण काही कंपन्यांच्या मोटरी ४३३.४२ वर चालतात. फरक अर्ध्या मेगाहर्ट्झचा, पण बाजारातला ‘सगळ्या रिमोटला चालणारा’ हब (म्हणजे फोनचा आदेश वायफायवरून घेऊन रेडिओने मोटरीला सांगणारी डबी) त्यांच्याशी नीट बोलत नाही. शिवाय ज्या रिमोटचा कोड दर वेळी बदलतो, त्याची नक्कल हबला करताच येत नाही. हबला दुसरा रिमोट म्हणून मोटरकडे रीतसर नोंदवावं लागतं. इथे मोटरवाल्यांचाच हब घेतला होता, त्यामुळे ही कटकट नव्हती.

बसवायचा दिवस मार्चअखेरचा. हब वायफायला जोडतानाच अर्धा तास गेला. राउटरने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्हींना एकच नाव दिलेलं, फोन पाचवर, आणि हबला पाच कळतच नाही. राउटरमधून ५ तात्पुरतं बंद केलं, हब जोडला, परत चालू केलं.

मग लिमिट. ब्लाइंड वर कुठे थांबायचा आणि खाली कुठे, हे मोटरला एकदा शिकवावं लागतं. हॉलच्या मधल्या खिडकीला खालचा थांबा चार-पाचदा बदलला, कारण काकूंना खिडकीच्या ओट्यावरची तुळशीची कुंडी झाकायची नव्हती. पाचव्या वेळी ब्लाइंड अर्ध्यावर थांबला. वर नाही, खाली नाही. माझ्यासोबतचा पोट्टा म्हणाला, “भाऊ, जळली वाट्टे.” जळली नव्हती. या मोटरींच्या पट्टीवर बारीक अक्षरात ‘एस-२, ४ मिनिटं’ असं छापलेलं असतं, म्हणजे सलग चारेक मिनिटं चालवा, पुढे आतला तापमानाचा स्विच तिला बंद करतो. वीस-पंचवीस मिनिटं थंड होऊ द्यायची. आम्ही चहा घेतला, काकूंनी चिवडा दिला, मोटर उठली. घरच्या लोकांसमोर हे घडलं की मात्र त्यांचा विश्वास तिथेच अर्धा जातो. त्यामुळे हल्ली मी आधीच सांगून ठेवतो.

दोन आठवडे सगळं छान चाललं. अडीचला सहाही ब्लाइंड खाली यायचे, काका मुलीला व्हिडिओ पाठवायचे.

एप्रिलच्या मध्याला फोन आला. “अरे, काय होऊन राहिलं हे? काल एक वरच राहिला. आज दुसराच.”

मी फोनवरून हबची नोंद उघडली. रोज १४:३० ला सहा आदेश, सहाच्या सहा ‘यशस्वी’. हब ऑनलाइन. काकूंना म्हटलं, इथे तर सगळं बंद झालेलं दिसतंय. त्या म्हणाल्या, “मग तू फोनमध्ये झोप, आमच्या तोंडावर ऊन येऊन राहिलं.”

गेलो. रिमोट घेऊन प्रत्येक खिडकीसमोर उभा राहिलो, सहाही ब्लाइंड पहिल्या दाबात हलले. म्हणजे मोटरी चांगल्या, रिमोट चांगला. उरला हब. निष्कर्ष अगदी सरळ वाटला. दुकानदाराला फोन केला, बदली हब मागवला, तो यायला आठवडा लागला. येऊन सहाही मोटरींवर परत नोंदणी केली. जुन्या रिमोटचं जोडणीचं ‘पी-टू’ बटण दोनदा दाबायचं, मग हबकडून जोडणीचा सिग्नल, मोटर जरा वर-खाली थरथरली की समजायचं तिने ओळखलं. असं सहा वेळा, स्टुलावर चढून-उतरून, एप्रिलच्या उन्हात.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन बाराला. “आज तर भर बारालाच अंधार!”

हे मात्र पाच मिनिटांत सुटलं. अडीच तास आधी, नेमके अडीच तास. बिघाड असा मोजूनमापून येत नाही. नवीन हबसाठी नवीन खातं उघडताना टाइम झोन जीएमटी अधिक ८ राहिला होता, आणि आपला अधिक साडेपाच. हबच्या हिशेबाने अडीच वाजलेच होते. बदलला. पण त्या दिवशीही झोपायच्या खोलीतला एक ब्लाइंड वरच राहिला आणि हॉलमधला एक मध्येच चुकला. म्हणजे नवा हब आणि जुनीच तक्रार. दुकानदाराला काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच.

तेव्हा काकूंनी स्वयंपाकघरातून भिंतीवरचं कालनिर्णय आणून माझ्यासमोर ठेवलं. दूध किती, गॅस कधी, कामवाली कधी आली नाही, हे सगळं त्या त्यावरच लिहितात. एप्रिलच्या चौकोनांत निळ्या पेनने बारीक खुणा: ‘ह२’, ‘ह१’, ‘झ२’, ‘झ२, ह३’. खिडक्यांना त्यांनी स्वतःच नंबर दिलेले. चाळीस वर्षं हजेरीपट भरणाऱ्या बाईची ती सवय.

मी त्या खुणा एका कागदावर उतरवून घेतल्या आणि दोन गोष्टी दिसल्या. हॉलचे ब्लाइंड आलटून पालटून चुकत होते, कधी पहिला, कधी तिसरा, कधी एकही नाही. पण ‘झ२’, म्हणजे झोपायच्या खोलीतला कपाटाजवळचा, जवळपास रोज होता. आणि तो सुरू झाला एका ठरावीक तारखेपासून. त्याच चौकोनात वर लिहिलेलं: ‘कूलर लावला.’

मी एकाच तक्रारीमागे एकच कारण शोधत होतो. तिथे दोन होती.

“काकू, कूलर लावला त्या दिवशी हब हलवला का कोणी?”

“नाही जी. कूलरवाल्याने फक्त त्याचा प्लग काढून तिकडे टीव्हीमागे लावला. त्याला पिन घालायला जागा पाहिजे होती ना.”

नागपुरात कूलर हा सण आहे. उतरवायचा, धुवायचा, नवीन ताट्या बसवायच्या, खिडकीत चढवायचा आणि मग खिडकीजवळचं सॉकेट त्याचं. मी हब मुद्दाम हॉलच्या त्या खिडकीजवळ लावला होता, कारण तिथून सहाही मोटरी नजरेच्या रेषेत किंवा एका विटेच्या भिंतीपलीकडे होत्या. टीव्हीमागे गेल्यावर त्याच्या पाठीशी भिंत आणि भिंतीपलीकडे, झोपायच्या खोलीत, साडेसहा फुटी लोखंडी कपाट. वायफाय दोन्ही जागी चांगलं, त्यामुळे ॲपमध्ये हब ऑनलाइनच. पण ‘ऑनलाइन’ म्हणजे हब राउटरशी बोलतोय, एवढंच. मोटरपर्यंत त्याचा आवाज जातो की नाही, हे त्याला माहीत नसतं. या मोटरी ऐकतात, पण उलट उत्तर देत नाहीत. हबने सिग्नल सोडला की तो स्वतःच वहीत ‘यशस्वी’ लिहून मोकळा होतो.

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. रिमोट घेऊन खिडकीसमोर नाही, तर टीव्हीमागे, हबच्या जागी, हात घालून बटण दाबलं. झ२ हलला नाही. परत दाबलं. नाही. रिमोट फूटभर बाजूला आणला, हलला. हब बदलण्यात घालवलेला आठवडा या एका चाचणीने वाचला असता.

पण कपाट तर झ१ आणि हबच्याही मध्ये येत होतं, आणि झ१ चुकत नव्हता. म्हणून स्टूल लावून झ२ ची टोकाची टोपी उघडली. मोटरच्या डोक्यातून एक बारीक पांढरी वायर निघते, वीतभराहून थोडी कमी. ती ॲन्टेना. ४३३ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ६९ सेंटिमीटर, तिचा चौथा भाग सतराच्या आसपास, म्हणून ती तेवढीच ठेवतात. कापायची नाही, गुंडाळायची नाही, धातूला चिकटवायची नाही. झ२ मध्ये ती विजेच्या वायरीला तीन वेढे देऊन लोखंडी ब्रॅकेटच्या मागे खुपसलेली होती, दिसायला अगदी नीटनेटकी. हे काम माझ्याच पोट्ट्याचं, आणि तपासायचं माझं. हब खिडकीजवळ होता तोवर सिग्नल इतका जोरात यायचा की ही गफलत झाकून गेली होती.

वायर सोडवून ब्रॅकेटपासून लांब, सरळ खाली सोडली, चौकटीच्या रंगाच्या टेपने टेकवली. हबसाठी दहा फुटांची एक्स्टेन्शन आणली आणि तो परत खिडकीच्या बाजूला, कूलरच्या वायरीपासून हातभर दूर, भिंतीवर टांगला. ‘झ२’ त्या दिवसापासून कालनिर्णयावरून नाहीसा झाला.

हॉलचं कोडं वेगळं होतं. अडीचला मी सहा मोटरींना सहा वेगळे आदेश एकाच क्षणी सोडत होतो. हबकडे रेडिओ एकच. तो एका वेळी एकच सिग्नल पाठवू शकतो, आणि प्रत्येक सिग्नल खात्रीसाठी तो अनेकदा परत परत पाठवतो. मागचा संपायच्या आत पुढचा आला की एखादा गळतो. कोणता गळेल ते इंटरनेटवरून आदेश कोणत्या क्रमाने पोचले त्यावर, म्हणूनच रोज वेगळा. पहिले दोन आठवडे हे कसं निभावलं, याचं उत्तर बहुधा इतकंच की कोणी मोजत नव्हतं. काकूंनी नंतर कबूल केलं की तेव्हाही एखादा राहिला तर त्या रिमोटने पाडायच्या आणि लिहायच्या नाहीत.

उपाय हबमध्ये नाही, मोटरीत केला. या मोटरींना एकापेक्षा जास्त रिमोटचे कोड लक्षात राहतात. हॉलच्या तिन्ही मोटरींना एक सामाईक चॅनल शिकवला, झोपायच्या खोलीच्या दोघींना दुसरा. आता अडीचला तीनच आदेश जातात, मध्ये पाच-पाच सेकंदांचं अंतर ठेवून. हॉलसाठी एकच सिग्नल सुटतो, तिन्ही मोटरी तो एकदम ऐकतात आणि तिन्ही ब्लाइंड एका रेषेत खाली येतात. काकांना हे फार आवडलं. मलाही, खोटं कशाला बोला.

मे उजाडला तशी तिसरी भानगड आली. एका दुपारी वावटळ सुटली, लाइन गेली, आणि ती नेमकी दोन वीसपासून तीनपर्यंत. राउटर आणि हब इन्व्हर्टरवर, ब्लाइंडच्या मोटरी नाहीत. अडीचला हबने इमानेइतबारे आदेश सोडला, मोटरी मेलेल्या, वहीत ‘यशस्वी’. लाइन आल्यावर ब्लाइंड वरच. सगळ्या मोटरी इन्व्हर्टरवर घ्यायचा खर्च करण्याइतकं हे वारंवार होत नाही. मी फक्त तोच ‘खाली’ आदेश सव्वातीनला आणि चारला परत लावला. आधीच खाली असलेल्या ब्लाइंडला ‘खाली’ म्हटलं तर तो हलत नाही, कारण तो आपल्या लिमिटवर बसलेला असतो. त्यामुळे पुन्हा सांगण्यात तोटा काहीच नाही.

‘पन्नास टक्के बंद’ असे आदेश मात्र काढून टाकले. अशा एकतर्फी मोटरींमध्ये टक्के म्हणजे अंदाज असतो: पूर्ण खाली यायला तीस सेकंद लागतात, म्हणून पन्नास टक्के म्हणजे पंधरा सेकंद. मध्ये कोणी रिमोट दाबला की हिशेब चुकतो, आणि हबला पत्ताही लागत नाही. पूर्ण वर, पूर्ण खाली, आणि मोटरच्याच मेमरीत ठेवलेला एक मधला थांबा, एवढंच ठेवलं. उत्तर देणाऱ्या मोटरीही मिळतात. त्या आपली जागा हबला कळवतात. मुलीने विचारलं तेव्हा मी सांगितलं की पुढच्या घरात त्याच घ्या, पण चालणाऱ्या सहा मोटरी उखडून बदलू नका.

काकांना मध्येच एक हौस आली होती, तापमान बघून ब्लाइंड आपोआप पडावेत ही. सेन्सर आणला, त्यांनीच तो खिडकीच्या ॲल्युमिनियम चौकटीवर चिकटवला. ऊन थेट त्यावर. आकडा पन्नाशीच्या पुढे, ब्लाइंड खाली, सावली आली, आकडा उतरला, ब्लाइंड वर, परत ऊन. एका दुपारी पाच वेळा. मी त्यांना २०२४ च्या मेअखेरची आठवण करून दिली. नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले होते, देशभर गाजावाजा झाला आणि नंतर सेन्सरचाच दोष निघाला. काका हसले आणि सेन्सर काढून देवघराच्या बाजूला, सावलीत लावला. आता तो फक्त आकडा सांगतो, ब्लाइंडला हात लावत नाही.

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस पडला आणि कूलर उतरला. दोन दिवसांनी फोन. “अरे, मधला ब्लाइंड खालून दोन फूट उघडाच राहतो.” अर्थातच. कूलर बसला तेव्हा हवा अडू नये म्हणून मीच त्याचा खालचा थांबा कूलरच्या वरच्या काठावर आणून ठेवला होता. या वेळी जाऊन खालचा थांबा परत कुंडीपर्यंत नेला आणि कूलरची उंची मोटरच्या त्या मधल्या थांब्यात ठेवली, म्हणजे उन्हाळ्यात हॉलचा आदेश फक्त बदलायचा, स्टुलावर चढायचं नाही. मधला थांबा बोलवायला रिमोटवर कोणतं बटण किती वेळ दाबायचं, ते काकूंना दोनदा करून दाखवलं.

मी हत्यारं भरत असताना त्या कालनिर्णयाची पानं उलटत होत्या. पुढच्या वर्षीचं अजून आलेलं नव्हतं, म्हणून डिसेंबरच्या पानाच्या मागच्या कोऱ्या कोपऱ्यात त्यांनी लिहिलं: ‘कूलर लावताना – ह२ मधला थांबा. हबचा प्लग काढायचा नाही.’ शेवटच्या ओळीखाली दोन रेघा.

“आणि कूलरवाल्याला मीच सांगते,” त्या म्हणाल्या, “तुझं तो काही ऐकणार नाही.”